पदकतालिकेच्या तळाकडून

ऑलिम्पिक संपलं की आपल्याकडे मोबाइलवर एक तक्ता फिरू लागतो: कोणत्या देशाने किती माणसांमागे एक पदक मिळवलं. २०२४ मध्ये पॅरिसनंतर त्या तक्त्याच्या माथ्यावर ग्रेनाडा होता, मग डॉमिनिका, मग सेंट लुसिया. भारत अर्थातच पार खाली. सोबत ‘एवढासा देश बघा, आणि आपण एकशे चाळीस कोटी!’ ही ठरलेली ओळ.

गणित म्हणून त्यात चूक नाही. पण त्यातून कळतही काही नाही. ग्रेनाडाला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ मिळाली. एक लिंडन व्हिक्टरचं डिकॅथलॉनमध्ये, दुसरं अँडरसन पीटर्सचं भालाफेकीत. नीरज चोप्रासाठी आपण रात्री जागलो तीच ही अंतिम फेरी. अर्शद नदीम ९२.९७ मीटर, नीरज ८९.४५, पीटर्स ८८.५४ आणि चौथ्या क्रमांकावरचा झेक खेळाडू ८८.५०. पीटर्सचा भाला पाच सेंटिमीटर अलीकडे रुतला असता तर ग्रेनाडाची कमाई निम्म्यावर आली असती आणि दरडोई तक्त्यात हा देश पहिल्यावरून तिसऱ्यावर घसरला असता. देशाच्या क्रीडासंस्कृतीबद्दलचे मोठमोठे निष्कर्ष एवढ्याशा अंतरावर टेकवायचे का? तक्ता फिरवणारा आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. तुवालू, नौरू, पलाऊ, मालदीव, भूतान हेही लहानच देश. त्यांच्या नावावर आजवर एकही ऑलिम्पिक पदक नाही, म्हणून ते तक्त्यात येतच नाहीत. आणि दुसऱ्या टोकाला सतरा कोटींचा बांगलादेश, तोही कोराच. माणसं पुष्कळ असली म्हणून पदक मिळत नाही आणि थोडी असली म्हणूनही मिळत नाही. पदकापर्यंत जायला वाट लागते. लहान देशाजवळ अशी वाट फार तर एखादी असते, आणि प्रत्येक वाटेची किंमत निराळी असते.

वाटेआधी देशाचाच प्रश्न. देश कोणाला म्हणायचं हे स्पर्धेगणिक बदलतं. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने मान्यता दिलेल्या राष्ट्रीय समित्या २०६. बर्म्युडा ब्रिटनच्या छत्राखाली, प्वेर्तो रिको अमेरिकेच्या, अरुबा नेदरलँड्सच्या; तरी संचलनात तिघांचे ध्वज वेगळे. १९९६ मध्ये समितीने नियम बदलला आणि दार लावून घेतलं: यापुढे स्वतंत्र राष्ट्रांनाच प्रवेश, आत आलेले मात्र आतच. त्यामुळे फेरो बेटांचा जलतरणपटू पाल योएन्सेन याला ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्ककडून पोहावं लागलं. नेदरलँड्स अँटिलिस हा प्रदेशच २०१० मध्ये बरखास्त झाला, तेव्हा क्युरासाओचा धावपटू चुरँडी मार्टिना लंडनला नेदरलँड्सच्या पोशाखात धावला.

हा घोळ आपल्याला क्रिकेटवरून चटकन उमजेल. सेंट लुसिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डॅरेन सॅमी येतो. पण सॅमी ज्या संघाचा कर्णधार होता त्या वेस्ट इंडीज नावाचा देश जगाच्या नकाशावर नाही, आणि ऑलिम्पिक किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतही नाही. १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुल स्पर्धेत क्रिकेट होतं; तिथे सचिन तेंडुलकर आणि अनिल कुंबळे असलेला आपला संघ चक्क अँटिग्वा अँड बार्ब्युडाशी खेळला. सामना निकालाविना संपला. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये महिला क्रिकेट आलं तेव्हा कॅरिबियनतर्फे एकटा बार्बाडोस उतरला. आता लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये क्रिकेट येतंय, पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ. दोनदा टी-ट्वेंटीचं जगज्जेतेपद मिळवलेल्या वेस्ट इंडीजला त्या नावाने तिथे पाऊलच टाकता येणार नाही. लहानांनी एकत्र येऊन मोठं व्हावं, असं उपदेश करणारे म्हणतात. एकत्र आलेल्यांना ऑलिम्पिकची घटना ओळखत नाही, त्याला काय करायचं?

आत शिरण्याचा रस्ता बहुतेक लहान देशांसाठी एकच आहे. आपण ज्याला वाइल्ड कार्ड म्हणतो तो. ॲथलेटिक्स आणि जलतरण या दोन खेळांत, ज्यांचा कोणीच पात्र ठरला नाही अशा देशांना एखाद-दुसरा खेळाडू पाठवता येतो. इतर काही खेळांत थोड्या जागा राखून ठेवलेल्या असतात. मागच्या दोन ऑलिम्पिकमध्ये ज्यांचं पथक सरासरी आठ किंवा त्याहून कमी खेळाडूंचं होतं, त्यांनी त्यासाठी अर्ज करायचा. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आलेल्या पैशाचा एक वाटा ‘ऑलिम्पिक सॉलिडॅरिटी’ या योजनेतून राष्ट्रीय समित्यांकडे जातो. २०२१ ते २०२४ या चार वर्षांसाठी तो ५९ कोटी डॉलर होता. खेळाडूंना शिष्यवृत्त्या त्यातूनच मिळतात. आणि हो, ब्लेझर घालून मिरवणाऱ्या पदाधिकाऱ्यांचे दौरेही कुठून तरी निघतातच. त्या बाबतीत लहान-मोठा असा भेद जगात कुठेच नाही.

वाइल्ड कार्डावर हसणाऱ्यांना एरिक मुसांबानी पुरेसा होतो. सिडनी, १९ सप्टेंबर २०००. इक्वेटोरियल गिनीचा हा तरुण जेमतेम आठ महिने आधी पोहायला शिकलेला, तोही हॉटेलातल्या लहानशा तलावात. पन्नास मीटरचा तलाव त्याने सिडनीलाच पहिल्यांदा पाहिला. त्याच्या शर्यतीतले बाकीचे दोघे, नायजरचा आणि ताजिकिस्तानचा, आधीच पाण्यात पडल्याने बाद झाले. मग शंभर मीटर तो एकटाच पोहला. शेवटच्या पंचवीस मीटरांत तो बुडतो की काय असं वाटत होतं. वेळ १ मिनिट ५२.७२ सेकंद. सगळं प्रेक्षागार उभं राहून ओरडत होतं. त्या ओरडण्यात कौतुक किती आणि गंमत किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मुसांबानी पुढे आपल्या देशाच्या जलतरण संघाचा प्रशिक्षक झाला, हे मात्र त्या चित्रफितीखाली कोणी लिहीत नाही.

अशा जागांनी दर्जा खालावतो, हा आक्षेप मला पटत नाही. शंभर मीटरच्या शर्यतीत या धावपटूंसाठी मुख्य फेऱ्यांच्या आधी एक वेगळी प्राथमिक फेरी असते. कोणाचीच अडचण होत नाही. पॅरिसमध्ये नौरूचं सगळं पथक म्हणजे एक धावपटू. बेलीझ, सोमालिया, लिश्टेनश्टाइन यांचंही तसंच, एकेक खेळाडू. चार देशांचे मिळून चौघे. साडेदहा हजारांच्या मेळ्यात चौघांनी कोणाचं काय घेतलं?

आता पदकाच्या वाटा. पहिली, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती, एक गाव, एक खेळ, एक वस्ताद अशी. कोसोव्हो क्षेत्रफळाने आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान. ऑलिम्पिक समितीने त्याला डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता दिली. दोनच वर्षांनी रिओमध्ये मायलिंडा केल्मेंदीने ज्युदोत सुवर्ण घेतलं. टोकियोत डिस्ट्रिया क्रास्निची आणि नोरा जाकोव्हा यांनी आणखी दोन सुवर्णं, पॅरिसमध्ये क्रास्निचीचं रौप्य आणि लॉरा फाझलियूचं ब्राँझ. एकूण पाच पदकं, पाचही ज्युदोची, पाचही मुलींची, आणि या सगळ्यांमागे पेया नावाच्या गावातला एकच प्रशिक्षक, ड्रिटॉन कुका. कुका स्वतः युगोस्लाव्हियाच्या काळातला ज्युदोपटू. देश फुटण्याच्या धामधुमीत त्याची ऑलिम्पिकची संधी हुकली. युद्धानंतर त्याने गावातल्या पोरांना शिकवायला घेतलं. केल्मेंदी तयार झाली तेव्हा तिला खेळायला देशच नव्हता. लंडनला २०१२ मध्ये ती अल्बानियाकडून उतरली. २०१४ च्या जागतिक स्पर्धा रशियात, चेल्याबिन्स्कला होत्या आणि रशिया कोसोव्होला मानत नाही, म्हणून तिला आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या झेंड्याखाली खेळावं लागलं. तिथेही सुवर्ण तिचंच. कोल्हापुरात तालमीचं जे स्थान, तेच पेयात कुकाच्या ज्युदो हॉलचं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ घेतलं, तेही लोकांनी वर्गणी काढून, कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशांवर. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक थेट पॅरिसला, कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं. बहात्तर वर्षं! पेयाला तेवढ्याच पायरीवरून पाच पदकांपर्यंत जायला आठ वर्षं लागली. फरक कुठे पडला हे शोधायचं तर लोकसंख्येचा तक्ता बाजूला ठेवावा लागेल.

लिश्टेनश्टाइनची हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दहा पदकं आहेत, सगळी आल्पाइन स्कीइंगची. त्यातली सात एका घरातली: हानी व्हेन्झेल, तिचा भाऊ आंद्रेआस आणि हानीची मुलगी टीना. हानीने १९८० मध्ये लेक प्लॅसिडला दोन सुवर्णं आणि एक रौप्य घेतलं. देशाची क्रीडायोजना म्हणतात ती इथे जेवणाच्या टेबलावर बसत असावी. फिजीचं तसं नाही. तिथे सेव्हन्स रग्बी गावागावांत, मोकळ्या रानात खेळली जाते. रिओत त्यांनी अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३-७ असं धुतलं, देशाचं पहिलंच ऑलिम्पिक पदक, आणि सरकारने पुढच्या वर्षी त्यावर चक्क सात डॉलरची नोट काढली. कोविडच्या काळात टोकियोला हा संघ मालवाहू विमानातून गेला, बरोबर गोठवलेली मासळी होती. येताना सुवर्ण पुन्हा त्यांचंच.

दुसरी वाट घर सोडण्याची. ३ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी स्टाद द फ्रान्सवर डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटर मारले आणि थोड्याच वेळाने, भिजलेल्या धावपट्टीवर, सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने शंभर मीटर १०.७२ सेकंदांत संपवले. दोन्ही देशांचं पहिलंवहिलं ऑलिम्पिक पदक, दोन्ही थेट सुवर्ण, एकाच मैदानावर, एकाच सांजेला. असं फिरून कधी घडेल असं वाटत नाही. पण दोघींचा रस्ता पाहा. लाफाँड लहानपणीच अमेरिकेत गेली आणि मेरीलँड विद्यापीठात घडली. आल्फ्रेडने चौदाव्या वर्षी घर सोडून जमैका गाठलं आणि तिथून पुढे टेक्सास विद्यापीठ. तिच्या बेटावर स्टेडियम होतं, नाही असं नाही. व्ह्यू फोर्टचं जॉर्ज ओडलम स्टेडियम. २००९ मध्ये तिथलं सेंट ज्यूड रुग्णालय जळालं आणि रुग्णालय स्टेडियमात हलवावं लागलं. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय वर्षानुवर्षं तशीच राहिली. जिंकल्यावर, आता तरी देशाला नवं स्टेडियम मिळावं, असं आल्फ्रेडने बोलून दाखवलं. पावणेदोन-दोन लाख वस्तीच्या या बेटाने आर्थर लुईस आणि डेरेक वॉलकॉट असे दोन नोबेलविजेते दिले आहेत. बुद्धीला मैदान लागत नाही, एवढाच काय तो फरक.

या वाटेची किंमत सुरीनामच्या अँथनी नेस्टीच्या गोष्टीत दिसते. सोल, १९८८, शंभर मीटर बटरफ्लाय. अमेरिकेचा मॅट बियाँडी भिंतीपाशी आला तेव्हा पुढे होता. शेवटचा हात मारायचा की नुसतं सरकत जायचं या हिशेबात तो सरकला, आणि नेस्टीने भिंत आधी गाठली. ५३.०० आणि ५३.०१. सुरीनामचं ते पहिलं पदक आणि आजवरचं एकमेव सुवर्ण. नेस्टी घडला फ्लोरिडातल्या शाळेत आणि विद्यापीठात, आणि प्रशिक्षक झाला तोही तिथेच. केलेब ड्रेसेल, केटी लेडेकी हे त्याच्या हाताखाली सराव करणारे. पॅरिसमध्ये अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचा मुख्य प्रशिक्षक नेस्टीच होता. लहान देश पोर घडवायला मोठ्या देशात पाठवतो. पोर जिंकतं, झेंडा वर जातो, आणि सगळं शहाणपण मोठ्याकडेच राहतं.

तिसरी वाट माणसं आणण्याची. बहारीनने पॅरिसमध्ये चार पदकं घेतली. स्टीपलचेसची विनफ्रेड यावी केनियात जन्मलेली, ४०० मीटरची सल्वा ईद नासेर नायजेरियात, कुस्तीगीर अहमद ताझुदिनोव्ह दागेस्तानचा, वेटलिफ्टर गोर मिनास्यान आर्मेनियाचा. त्याआधी रिओत सुवर्ण मिळवणारी रूथ जेबेट पुढे उत्तेजकांमुळे चार वर्षं बाद झाली. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये अशी देशबदली गोठवली आणि नंतर तीन वर्षं थांबण्याची अट घालून पुन्हा खुली केली. मला यात फारसं सोवळं पाळावंसं वाटत नाही. मोठे देशही हेच करतात, फक्त त्याला स्थलांतर म्हणतात. पण बहारीनच्या त्या चार पदकांतून बहारीनमधल्या किती मुली स्टीपलचेस धावू लागल्या, हा प्रश्न विचारायला हवा. सान मारिनोची गोष्ट मधली. चौतीस हजार वस्ती, टोकियोत पाच खेळाडू, तीन पदकं. कुस्तीचं ब्राँझ मिशिगनमध्ये वाढलेल्या आणि कुळाच्या नात्याने नागरिक झालेल्या माइल्स अमीनचं. पण नेमबाज अलेस्सांद्रा पेरिल्ली तिथलीच. लंडनला २०१२ मध्ये रौप्यासाठी तिघींची बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, आणि ती चौथी. नऊ वर्षांनी टोकियोत तिने ब्राँझ घेतलं, सान मारिनोचं पहिलं पदक, आणि दोन दिवसांनी मिश्र जोडीत रौप्य. ऑलिम्पिक पदक मिळवलेला इतका कमी वस्तीचा दुसरा देश नाही.

आणि ज्यांना कोणतीच वाट नाही ते? भूतान १९८४ पासून ऑलिम्पिकला येतंय. बरीच वर्षं फक्त तिरंदाज यायचे. तिरंदाजी हा त्यांचा राष्ट्रीय खेळ, पण घरचं लक्ष्य साधारण १४५ मीटरवर आणि ऑलिम्पिकचं ७० मीटरवर, धनुष्याची जातच वेगळी. राष्ट्रीय खेळ असूनही स्वतःच्या बळावर पात्र ठरलेली पहिली तिरंदाज, कर्मा, टोकियोपर्यंत मिळाली नाही. पॅरिसला तिघे आले. त्यातली किंझांग ल्हामो मॅरेथॉनला. ११ ऑगस्टची सकाळ, पॅरिसचा चढउतारांचा रस्ता. विजेती सिफान हसन २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत पोचली. अकरा जणींनी अर्ध्यावर सोडून दिलं. ल्हामोने सोडलं नाही. मधेच चालत, पुन्हा धावत ती येत राहिली. कडेचे लोक आधी नुसते टाळ्या वाजवत होते. मग काही जण तिच्या बाजूने चालू लागले, काही सायकलवरून. ३ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. ऐंशीवी, म्हणजे शेवटची. हसनच्या मागे दीड तास. ही बाई दुबळी धावपटू होती असं कोणी समजू नये. भूतानच्या स्नोमॅन रेसमध्ये, हिमालयाच्या उंचीवर पाच दिवसांत २०३ किलोमीटर, ती २०२२ मध्ये दुसरी आली होती. तिच्या घरच्या अंगणात शर्यत ठेवली तर निकाल कोणाच्या बाजूने लागेल, सांगता येत नाही.

म्हणूनच लहान देशांनी आपापली अंगणं तयार केली आहेत. दहा लाखांच्या आत वस्ती असलेल्या युरोपीय देशांच्या स्पर्धा १९८५ मध्ये सान मारिनोत सुरू झाल्या. पॅसिफिक बेटांच्या १९६३ मध्ये सुव्हाला. पण यांच्यासाठी खरं मोठं अंगण राष्ट्रकुल स्पर्धांचं, आणि त्यातही वेटलिफ्टिंगचं. लोखंड आणि एक छप्पर एवढंच लागतं. एकवीस चौरस किलोमीटरच्या नौरूच्या मार्कस स्टीफनने राष्ट्रकुलमध्ये सात सुवर्णं घेतली (तेव्हा एका वजनी गटात तीन-तीन पदकं असत, हेही सांगायला हवं). नौरू ऑलिम्पिक समितीचा सदस्य नव्हता म्हणून १९९२ मध्ये तो सामोआकडून बार्सिलोनाला गेला, आणि २००७ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. सामोआच्या एले ओपेलोगेने २०१० मध्ये दिल्लीत सुवर्ण घेतलं. बीजिंगला ती चौथी आली होती. आठ वर्षांनी जुन्या नमुन्यांच्या फेरतपासणीत पुढच्या बाद झाल्या आणि तिला रौप्य मिळालं, सामोआचं पहिलं. किरिबातीच्या डेव्हिड काटोआटाऊने २०१४ मध्ये ग्लासगोत देशाचं पहिलं सुवर्ण उचललं. मंचावरचं त्याचं नाचणं जगभर गाजलं. समुद्र आपलं बेट गिळतोय हे लोकांनी ऐकावं म्हणून तो नाचत होता.

नेमकी हीच वाट अरुंद होते आहे. ऑलिम्पिक वेटलिफ्टिंगच्या जागा रिओत २६०, टोकियोत १९६, पॅरिसमध्ये १२०. उत्तेजकांचे घोटाळे प्रामुख्याने मोठ्या संघांचे, आणि कात्री लागली ती सगळ्यांच्या जागांना. राष्ट्रकुलचीही तीच तऱ्हा. २०२६ चं यजमानपद घेतलेल्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्चाचं कारण देऊन २०२३ मध्ये हात वर केले, त्याच्या जागी आलेल्या ग्लासगोने दहाच खेळ ठेवले. वेटलिफ्टिंग, बॉक्सिंग आणि बोल्स वाचले, ही जमेची बाजू. रग्बी सेव्हन्स गेलं. बर्मिंगहॅममध्ये फिजीच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी त्यात रौप्य घेतलं होतं. आपण मात्र हॉकी, कुस्ती, नेमबाजी गेली म्हणूनच तेवढे हळहळलो.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने २०२४ मध्ये इरादापत्र दिलं आहे. यजमान म्हणून खेळांच्या यादीत आपल्याला काहीएक शब्द असेल. तो फक्त आपल्या पदकांच्या हिशेबाने वापरू नये. रग्बी सेव्हन्स परत आणावं आणि वेटलिफ्टिंग, बोल्स यांना हात लावू नये. आणि दुसरं, जास्त अवघड. २०१८ मध्ये दिल्लीतल्या महिला जागतिक बॉक्सिंग स्पर्धेला कोसोव्होच्या डोनयेटा सादिकूला येता आलं नाही, कारण भारत कोसोव्होला मान्यता देत नाही आणि तिला व्हिसा मिळाला नाही. ऑलिम्पिकच्या यजमानाला असं चालत नाही. समितीने मान्य केलेल्या प्रत्येक पथकाला दार उघडावंच लागतं. पेयाच्या मुली २०३६ लाही ज्युदो खेळत असतील. त्यांच्या व्हिसाचं काय करणार, हे भारताने आताच जाहीर करावं.